अंगावरचं तुटल्यावर ब्रेस्ट लिफ्ट : सहा महिने मोजायचे कुठून?

दुग्धशर्करा (धागाकर्ती)

बाळाचं दूध तुटल्यावर किती दिवसांनी लिफ्ट (ओघळलेले स्तन वर उचलण्याचं ऑपरेशन) करावी, या प्रश्नाला सगळीकडे एका शब्दाचं उत्तर मिळतं: सहा महिन्यांनी. आकडा ठीक आहे. पण हे सहा महिने कुठून धरायचे, त्या काळात शरीरात काय घडायला हवं आणि मुदत भरूनही थांबावं लागतं ते कधी, यावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. शल्यचिकित्सा, भूल, सोनोग्राफी आणि फिजिओवाले सभासद इथे वावरतात, त्यांनी भर घालावी. 'करावी की करू नये' यावर आधीचे धागे पेटून विझले आहेत. तो वाद इथे नको.

दिवस मोजायचे ते शेवटच्या पाजण्यापासून. दिवसाचं सगळं बंद आहे, फक्त रात्री झोपेत एकदा घेतो, असं असेल तर ते पाजणंच आहे. पंपाने काढणंही त्यातच येतं. स्तनाग्र चोखलं गेलं की प्रोलॅक्टिन हे दूध तयार करवणारं संप्रेरक वाढतं आणि आटत आलेल्या पेशींना 'अजून गिऱ्हाईक आहे' असा निरोप जातो. त्यामुळे 'जवळजवळ बंद' हा टप्पा हिशोबात धरू नये.

ऑपरेशनची तारीख गाठायची म्हणून दूध तोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पहिले सहा महिने निव्वळ अंगावर आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून अधिक असा आहे. लिफ्ट दोन वर्षं उशिरा झाल्याने ती बिघडत नाही.

तोडताना एक वेळ कमी करा, तीन ते पाच दिवस थांबा, मग पुढची वेळ. सहसा दुपारची आधी सुटते, रात्रीची शेवटी. दिवसातून पाच वेळा पाजत असाल तर या हिशोबाने दोन-तीन आठवडे लागतात. एका झटक्यात तोडलं की दूध साकळतं, गाठी होतात, ताप भरतो, कधी गळू होतो. गळूला चीर द्यावी लागली तर आत व्रण राहतो आणि पुढे सर्जनला त्याचा विचार करून छेद आखावा लागतो. छाती करकचून बांधण्याचा जुना उपाय याच कारणासाठी टाळा. ठणका लागला तर आराम पडण्यापुरतंच हाताने काढा, रिकामं होईपर्यंत नको. शतावरी कल्प आणि अळिवाची खीर बऱ्याच घरांत सवयीने चालूच राहते. तीही आता पुरे.

तुटल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दूध तयार करणाऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात. त्यांच्या जागी चरबी भरायला मात्र महिने लागतात, आणि ती प्रत्येकीत सारखी भरत नाही. म्हणजे मधला काळ सगळ्यात वाईट दिसणारा: वरचा भाग रिकामा, त्वचा सैल, स्तनाग्र खाली. आणि नेमक्या याच काळात आरशाकडे बघून अपॉइंटमेंट घेतली जाते. भेट जरूर घ्या, माहितीही घ्या. फक्त दुसऱ्या महिन्यातल्या आकाराला कायमचा समजून पैसे भरू नका.

आणखी एक. दूध आटलं का हे बघायला रोज दाबून पाहू नका. ते दाबणं हीच चेतना असते, थेंब येतच राहतात.

---

टाकेवाला

चांगला धागा. टेबलावर याने काय फरक पडतो ते सांगतो.

लिफ्टमध्ये जादा त्वचा काढतो, ग्रंथीचा गोळा वर नेऊन आतून टाके घालून बांधतो आणि स्तनाग्र त्याच्या देठासकट (रक्त पुरवणाऱ्या खालच्या भागासकट) नव्या जागी बसवतो. त्वचा किती काढायची हे उभं राहिलेल्या स्थितीत, भूल देण्याआधी, पेनने आखलेलं असतं. स्तन दुधाने किंचितही भरलेला असेल तर आखणी भरलेल्या आकारमानावर होते. पुढच्या काही महिन्यांत गोळा आकसला की त्वचेचं पाकीट मोठं आणि आतला ऐवज कमी. बाई म्हणते, वर्षात पुन्हा ओघळलं. ओघळलेलं नसतं, मापच चुकीच्या दिवशी घेतलेलं असतं.

दुसरं नुकसान दुधाचं. ग्रंथी कापताना दूधनलिका कापल्या जातातच. त्यात दूध असेल तर ते जखमेत झिरपतं. दूध जंतूंना आवडतं, त्यामुळे संसर्गाची भीती. न झिरपता साठलं तर दुधाची गाठ होते, आणि कधी टाक्यांतून दूध बाहेर येत राहतं व जखम भरतच नाही. मग सोनोग्राफीखाली सुईने काढा, अँटिबायोटिक द्या, दूध आटवायची गोळी द्या. सोबत इम्प्लांट (स्तन भरण्यासाठीची कृत्रिम पिशवी) बसवलं असेल तर हा प्रकार फार महागात पडतो, कारण संसर्ग झालेलं इम्प्लांट बहुधा काढावंच लागतं.

तिसरं, रक्तपुरवठा. दूध असताना स्तनातल्या रक्तवाहिन्या रुंद असतात. रक्तस्राव जास्त, आत रक्त साकळण्याचा धोका जास्त.

---

निरंजना

वाचनखूण साठवली. एक शंका. काही सर्जन तीन महिने सांगतात, काही सहा. दोघेही प्लास्टिक सर्जनच. खरं कुणाचं?

---

टाकेवाला

दोन्ही चालतं, पण वेगवेगळ्या बाईसाठी. दोन-चार महिनेच पाजलं, दूध कमीच होतं, वजन गरोदरपणाआधीच्या आकड्याला येऊन टेकलं आहे, पाळी नियमित आहे, थेंबही येत नाही: तीन महिन्यांनी करायला हरकत नाही. वर्षभर किंवा दोन वर्षं पाजलं असेल, कप दोन-तीन साइजने वरखाली झाला असेल, तर सहा महिन्यांच्या आत हात लावू नये.

---

दुग्धशर्करा

तीन महिन्यांच्या बाबतीत माझा नाराजीचा सूर नोंदवते. 'थेंब येत नाही' हे बायका सांगतात ते स्वतःच्या समजुतीने. पाळीही काहींची दूध तुटल्यावरच सुरू होते आणि पहिल्या दोन-तीन चक्रांत स्तन पुन्हा जड होतात. अडलेलं काहीच नसताना तीन महिने वाचवून काय मिळवायचं?

---

टाकेवाला

मान्य, घाई कशालाच नाही. महिन्यांवरून भांडण्यापेक्षा मोजून बघावं. पद्धत सोपी आहे. शिंप्याकडची मऊ टेप घ्या. सरळ उभं राहून, ब्राशिवाय, गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी सेंटिमीटरमध्ये लिहा. मग स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचं. महिन्यातून एकदाच, पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात, कारण पाळीआधी स्तन सुजतात. त्याच दिवशी वजन. त्याच खिडकीच्या उजेडात समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो. सलग तीन महिने अंतरात अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आणि वजनात एक-दोन किलोच्या आत फरक असेल तर आकार ठरला असं धरा. ती वही सर्जनला दाखवा, त्याचं अर्धं काम होतं.

साधारण अंदाजासाठी: खळगी ते स्तनाग्र हे अंतर सरासरी उंचीच्या तरुणीत १९ ते २१ सेंमी असतं. २८-३० वर गेलं असेल तर मोठा छेद लागणार हे घरबसल्या कळतं. पेन्सिल स्तनाखाली धरून पाहण्याची इंटरनेटवरची चाचणी मात्र सोडून द्या; घडी आहे इतकंच तिच्यातून समजतं.

---

मु.पो. सातारा

समजा दूध तोडून आठ-नऊ महिने झाले आणि तरी दाबल्यावर दोन्हीकडून पांढरे थेंब येतात. अशा वेळी ऑपरेशन करायचं का? की सोडून द्यायचं?

---

दुग्धशर्करा

मुलांना पाजलेल्या बायकांत दाबल्यावर एखादा थेंब बरेच महिने, कधी वर्षभरही येतो. तेवढ्याने घाबरू नये. पण आपोआप कपड्याला डाग पडत असेल, पाळी लांबली असेल, डोकेदुखी किंवा नजरेत फरक असेल तर आधी तपासणी. रक्तातलं प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच बघतात, गरोदरपणाची चाचणीही. प्रोलॅक्टिनचं रक्त सकाळी, उठून तासा-दोन तासांनी, शांत बसून द्यायचं. आदल्या दिवशी स्तन दाबले असतील तर आकडा फुगतो.

आणि गोळ्यांचा डबा उघडा. आपल्याकडे ॲसिडिटीसाठी सर्रास लिहून दिली जाणारी कॅप्सूल बरेचदा जोडगोळी असते: आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत डॉमपेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड. ही दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात. कित्येकींना तीच डॉमपेरिडोन बाळंतपणानंतर दूध वाढावं म्हणूनही दिलेली असते. रिस्पेरिडोनसारखी मनोविकाराची काही औषधंही तेच करतात. ती मात्र स्वतःहून अजिबात बंद करायची नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं.

कॅबरगोलिन ही दूध आटवायची गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नये. रक्तदाब खाली जाऊन चक्कर येते, हृदयाच्या झडपांचा विकार किंवा गरोदरपणात वाढलेला रक्तदाब असेल तर ती चालत नाही. डोस स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील.

थेंब एका बाजूनेच, एकाच छिद्रातून, रक्ताळ किंवा पाण्यासारखा येत असेल तर हा धागा बंद करून आधी डॉक्टर गाठा.

---

सोनोसखी

शेवटच्या ओळीला अनुमोदन, आणि थोडं पुढे नेते.

दूध तुटल्यावर लागलेली प्रत्येक गाठ दुधाचीच असते असं गृहीत धरू नका. बहुतेक वेळा ती दुधाची किंवा साधी फायब्रोॲडिनोमाची (कर्करोग नसलेली) निघते. पण बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचं निदान याच समजुतीमुळे उशिरा होतं. तोडल्यावर दोन-तीन आठवड्यांत न विरघळलेली गाठ सोनोग्राफीत दाखवावी.

लिफ्टआधीची तपासणी: चाळिशीच्या आत आणि घराण्यात कर्करोग नसेल तर सोनोग्राफी पुरते. चाळिशीपुढे मॅमोग्राफीही हवी. आईला किंवा बहिणीला कमी वयात झाला असेल तर आधीच. मॅमोग्राफी दूध तुटल्यावर तीनेक महिन्यांनी करावी; त्याआधी ग्रंथी इतकी दाट असते की फिल्म पांढरीफटक येते आणि वाचायला काही उरत नाही.

या वयोगटात दिसणारा एक त्रासदायक आजार म्हणजे ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. शेवटच्या बाळंतपणानंतर पाचेक वर्षांत गाठ, लाली, मग वाहणारी जखम. दिसायला कर्करोगासारखा, क्षयासारखाही, आणि आपल्या देशात स्तनाचा क्षय खरोखर असतो, त्यामुळे बायॉप्सी घेतल्याशिवाय उत्तर मिळत नाही. बरा व्हायला महिने जातात. तो पूर्ण शमेपर्यंत लिफ्टचं नाव काढू नये.

ऑपरेशनमध्ये काढलेला भाग पॅथॉलॉजीकडे पाठवा असं आधीच सांगून ठेवा. नंतर सहा ते बारा महिन्यांनी नवी मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी करून ठेवली की पुढच्या प्रत्येक वेळी तुलनेला तीच उपयोगी पडते. टाक्यांच्या जागी चरबी मरून कडक गोळा होतो, त्यात चुना (कॅल्शियम) साठतो, आणि पूर्वीचं माहीत नसलेला रेडिऑलॉजिस्ट त्यावर शंका घेतो. फिल्म काढताना 'लिफ्ट झाली आहे' हे सांगणं विसरू नका.

---

निरंजना

सगळीकडे म्हणतात अंगावर पाजल्यानेच ओघळतात. मग पाजलंच नाही तर...?

---

दुग्धशर्करा

हा गैरसमज मोडायला हवा. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या सर्जनांनी २००८ साली ९३ जणींचा अभ्यास छापला. स्तनपानाचा ओघळण्याशी स्वतंत्र संबंध त्यात दिसला नाही. संबंध दिसला तो वय, बीएमआय, गरोदरपणांची संख्या, आधीपासून मोठा असलेला कप आणि धूम्रपान यांच्याशी. स्तन गरोदरपणातच ताणले जातात. पाजलं नाही म्हणून ते वाचत नाही.

---

भूलोबा

माझ्या खात्यातलं.

हिमोग्लोबिन आधी बघा. बाळंतपण आणि दीर्घ स्तनपान यानंतर ते नऊ-दहाला आलेलं असणं आपल्याकडे रोजचं आहे. तारीख ठरवायच्या दोन महिने आधी तपासलं तर लोहाच्या गोळ्यांनी चढायला वेळ मिळतो. ऐन वेळी तपासलं की ऑपरेशन पुढे ढकललं जातं. सोबत साखर, थायरॉइड, रक्तगट, एचआयव्ही-हिपॅटायटिस, ईसीजी आणि त्या सकाळी गरोदरपणाची चाचणी.

तंबाखू. सिगरेट ओढत नाही म्हणून बायका 'नाही' लिहितात. मिशरी लावता का, असं विचारलं की चित्र बदलतं. मिशरी, गुटखा, हुक्का, व्हेप, निकोटिनचं च्युइंगगम, सगळं एकच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि लिफ्टमध्ये स्तनाग्र जगतं ते अशाच वाहिन्यांवर. किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. हे लपवण्यात तोटा फक्त लपवणारीचा.

गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन असेल तर पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून बरेच जण चार आठवडे आधी थांबवायला सांगतात. थांबवताना दुसरी सोय करा, नाहीतर वर सांगितलेली सकाळची चाचणी पॉझिटिव्ह यायची. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल दहा ते चौदा दिवस आधी बंद. ॲस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर मात्र आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. आयुर्वेदिक काढे-गुट्या काय घेताय तेही सांगा.

वजन उतरवायची सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडची साप्ताहिक इंजेक्शनं चालू असतील तर दोन अडचणी. पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे भुलेत उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती. मला हे आधी कळलंच पाहिजे. आणि वजन अजून उतरतंय म्हणजे स्तनही अजून बदलतोय, तेव्हा टाकेवाल्यांची वही तीन महिने स्थिर होईपर्यंत थांबा.

उपाशी राहण्याचे नियम: घन आहार सहा तास आधीपर्यंत, तळलेलं-तुपकट असेल तर आठ, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. चहा दुधाचा असेल तर तो अन्नात मोजतात.

---

मु.पो. सातारा

धन्यवाद. छेदांचे प्रकार कुणी समजावेल का? 'व्रण न राहणारी लिफ्ट' अशी जाहिरात सगळीकडे दिसते.

---

टाकेवाला

व्रण न राहणारी लिफ्ट नसते. व्रण कुठे आणि किती, एवढंच ठरवता येतं.

आधी ओघळण्याची पायरी बघतात. ही १९७६ ची रेनॉल्टची वर्गवारी: स्तनाग्र खालच्या घडीच्या पातळीला आलं असेल तर पहिली, घडीच्या एक ते तीन सेंमी खाली गेलं तर दुसरी, स्तनाच्या सगळ्यात खालच्या टोकाशी येऊन जमिनीकडे बघत असेल तर तिसरी. स्तनाग्र घडीच्या वर पण ग्रंथी मात्र खाली घसरली असेल तर ते खोटं ओघळणं. स्तनपानानंतर हेही खूप दिसतं.

पहिल्या पायरीला स्तनमंडलाभोवती (स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाभोवती) गोल छेद चालतो. त्याची मर्यादा कडक आहे. त्याच छेदातून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचं काम ओढून करायला गेलं की वर्तुळ ताणून रुंद होतं, कडेला चुण्या पडतात, स्तन समोरून चपटा दिसतो. 'व्रण कमी' म्हणून विकलं जातं ते बरेचदा हेच. दुसऱ्या पायरीला गोल आणि खाली उभी रेघ. उभ्या रेघेच्या तळाशी सुरुवातीला चुण्या दिसतात, त्या तीन ते सहा महिन्यांत बसतात. तिसऱ्या पायरीला त्यात घडीतली आडवी रेघही, म्हणजे उलटा टी.

स्तनमंडल गरोदरपणात रुंदावून सहा-सात सेंमी झालेलं असतं. ते ३८ ते ४२ मिमीच्या गोल साच्याने आखून लहान करतात. स्तनाग्राची नवी जागा खालच्या घडीच्या पातळीला धरून ठरते. ती किंचित खाली राहिली तर दुरुस्त करता येते. वर गेली तर ब्राच्या कडेतून डोकावतं आणि खाली आणणं जवळजवळ अशक्य. म्हणून अनुभवी माणूस 'अजून वर घ्या' या हट्टाला बधत नाही.

आता आकारमान. लिफ्टने स्तन मोठा होत नाही, उलट कप थोडा लहान वाटतो. वरचा रिकामा भाग भरायचा तर तीन वाटा: स्वतःचीच खालची ग्रंथी वर दुमडणे, पोट-मांडीची चरबी काढून भरणे, किंवा इम्प्लांट. भरलेल्या चरबीतली काही मुरतेच, त्यामुळे कधी दुसरी बैठक लागते. इम्प्लांट आणि लिफ्ट एकत्र करताना एक क्रिया त्वचा आवळत असते आणि दुसरी तीच ताणत असते. दुरुस्तीची वेळ एकेकट्या ऑपरेशनपेक्षा यात जास्त येते. माझं मत: दूध तुटून वर्षही झालं नसेल तर आधी नुसती लिफ्ट, सहा महिन्यांनी आरशात बघून इम्प्लांटचा विचार. निम्म्याजणींना तेव्हा ते नकोसं वाटतं, असा माझा अंदाज आहे, आकडेवारी समजू नये.

---

निरंजना

व्यायामाने थोडंफार वर येतं का?

---

हळूहळू_चाला

पुशअपने छातीचा स्नायू भरतो, स्तन त्या स्नायूच्या वर असतो. ताणलेली त्वचा आणि आतले पट्टे व्यायामाने आखडत नाहीत, क्रीमनेही नाही. पाठीचा बाक गेला की दिसण्यात फरक पडतो, तेवढं जरूर करा.

ज्यावर कुणी बोललं नाही ते लिहितो: मूल. वर्षाचं मूल नऊ-दहा किलोचं, दोन वर्षांचं अकरा-बारा. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे दोन-अडीच किलोच्या वर काहीही उचलायचं नाही. म्हणजे कडेवर घेणं बंद, पाळण्यातून काढणं बंद, भरलेला पाच लिटरचा कुकर, पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर सरकवणं, ओली चादर पिळणं, सगळं बंद. दूध तुटून सहा महिने झाले का यापेक्षा 'सहा आठवडे मुलाला दुसरं कोण उचलणार' हा प्रश्न तारीख ठरवतो, आणि बहुतेक घरांत तोच अनुत्तरित असतो. एक आठवड्याची रजा काढलेला नवरा पुरत नाही.

मुलाला जवळ घ्यायचं तर तुम्ही सोफ्यावर टेकून बसा, मांडीवर उशी ठेवा आणि त्याला स्वतः चढू द्या किंवा कुणीतरी आणून बसवा. स्टूल ठेवलं की दोन वर्षांचं मूल दोन दिवसांत शिकतं. ही तालीम ऑपरेशनआधीच करा. रात्री मूल शेजारी झोपत असेल तर मध्ये लोड ठेवा. झोपेतली एक लाथ टाके उसवायला पुरते.

झोप पाठीवर, पाठीमागे दोन उशा, तीन-चार आठवडे. पहिल्या दिवसापासून घरात चालणं, पोटऱ्यांचे व्यायाम. हात खांद्याच्या पातळीपर्यंत हलवत राहा, नाहीतर खांदा आखडतो. डोक्यावर मात्र दोन-तीन आठवडे नको. बैठं काम सात ते दहा दिवसांनी. दुचाकी, रिक्षातले धक्के आणि लोकलची गर्दी तीन-चार आठवडे टाळा. धावणं-उड्या सहा आठवड्यांनंतर.

---

टाकेवाला

उत्तम. यावरून ऋतूचं आठवलं. सर्जिकल ब्रा चार ते सहा आठवडे दिवसरात्र घालावी लागते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात किंवा कोकणातल्या पावसाळ्यात घडीत घाम साचून पुरळ आणि बुरशी येते, टाके ओले राहतात. पर्याय असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा. ब्रा दोन घ्या, पुढून उघडणाऱ्या, तारेशिवाय. तारेची ब्रा तीन महिने नको. नवीन महागड्या ब्रा सहा महिन्यांनीच घ्या, तोवर आकार बसत असतो.

काय बिघडतं ते क्रमाने सांगतो. पहिल्या चोवीस तासांत एकच बाजू टणक, फुगलेली, खूप दुखरी: आत रक्त साकळलंय, ताबडतोब दवाखाना. स्तनाग्र जांभळट पडलं तर त्याच दिवशी फोन, सकाळची वाट बघायची नाही. वेळेत टाके सैल केले तर ते वाचू शकतं. पाचव्या दिवसानंतर ताप १००.४ च्या वर, पसरत जाणारी लाली: संसर्ग. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या टीच्या तिठ्यावर अर्धा-एक सेंमी जखम उघडणं हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. तीन बाजूंचा ताण तिथे येतो आणि रक्तपुरवठा तिथेच कमी. ड्रेसिंगने बहुधा दोन-चार आठवड्यांत भरते. घाबरून घाईने पुन्हा टाके घालायला सांगू नका. आतल्या विरघळणाऱ्या टाक्याचं टोक महिन्याभराने फोडासारखं वर येतं, ते ओपीडीत कापता येतं. स्तनाग्राची जाणीव कमी किंवा जास्त होते, सहसा सहा ते बारा महिन्यांत सुधारते, थोड्याजणींत कायमची बदलते.

आपल्या त्वचेत जाड व्रणाची प्रवृत्ती जास्त. कान टोचलेल्या जागी किंवा सिझेरियनच्या रेघेवर गाठाळ व्रण असेल तर तो सर्जनला आधी दाखवा. जखम पूर्ण मिटल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, सिलिकॉन जेल किंवा पट्टी दिवसातले बारा तास तरी, तीन महिने. व्रण पहिल्या तीन महिन्यांत आणखी लाल होतो, मग वर्ष-दीड वर्षात फिका पडतो. जाड होऊ लागला तर त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात.

---

मु.पो. सातारा

आणि पुढे आणखी मूल हवं असेल तर?

---

दुग्धशर्करा

निश्चित ठरलेलं असेल तर लिफ्ट त्यानंतरच. कारण नव्या गरोदरपणात त्वचा पुन्हा ताणली जाते आणि पैसे वाया जातात. बाळाला त्यात धोका काही नाही. लिफ्टनंतर अनपेक्षित दिवस राहिले तरी बहुतेकींना पाजता येतं, कारण स्तनाग्र त्याच्या खालच्या ग्रंथीपासून तोडलेलं नसतं. दूध कमी पडण्याची शक्यता राहते. म्हणून अशा आईचं बाळ पहिले दोन आठवडे वजनकाट्यावर बारकाईने बघायचं आणि किती लंगोट ओले होतात ते मोजायचं. स्तनाग्र पूर्ण सुटं करून पुन्हा चिकटवलं असेल तर त्या बाजूने पाजता येत नाही. ही पद्धत फार मोठ्या स्तनांतच वापरतात. आपलं कुठल्या पद्धतीने झालं ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

---

भूलोबा

पोटाची सैल त्वचा काढण्याचं ऑपरेशन सोबतच उरकू का, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच. करतात. पण वेळ पाच-सहा तासांवर जाते, पायात रक्त साकळण्याचा धोका वाढतो, आणि पोटही शिवलेलं, छातीही शिवलेली अशा अवस्थेत घरात दोन वर्षांचं मूल. भुलेच्या दृष्टीने दोन वेगळ्या तारखा बऱ्या.

---

कागदपत्र

पैशाची बाजू थोडक्यात. आरोग्य विम्यात कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते. आयआरडीएआय या विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळण्यांच्या यादीत तिचा क्रमांक ०८ आहे. मान-पाठदुखीसाठी स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनवर कधी वाद घालता येतो, नुसत्या लिफ्टवर नाही. उपचारांना जीएसटी लागत नाही, पण दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला १८ टक्के लागतो. अंदाजपत्रक मागताना त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, खोली, पॅथॉलॉजी, ब्रा, पुढच्या ड्रेसिंगच्या भेटी आणि जीएसटी धरलाय का ते लेखी घ्या. दुरुस्ती लागली तर कुठला खर्च कुणाचा, हेही त्याच कागदावर.

सर्जनची एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही पाटी म्हणजे ती पदवी नव्हे. रुग्णालयाची नर्सिंग होम कायद्याखालची नोंदणी दर्शनी भागात लावलेली असायला हवी. आणि 'या आठवड्यात बुक केलं तर सवलत' असं म्हणणाऱ्याला शेवटचं पाजणं कधी झालं हे त्याने विचारलं होतं का, ते आठवून बघा.

---

निरंजना

वही आजच आणते. टेप शिवणाच्या डब्यात आहेच.